पदकाच्या कडेवरचें नांव
(नवी मुंबईंतील तुर्भे येथें पालकसभेंत केलेलें भाषण)



आज आम्हांस दोन शब्द बोलावयास सांगितलें आहे. आम्ही कांहीं मोठे विद्वान नाहीं. ट्रेनिंग कॉलेजांतून पास होऊन वीस वर्षें आपल्याच मुलांना बाराखडी, पाढे व भूगोल शिकवीत आलों. पण गेल्या महिन्यांत शाळेंत एक गोष्ट घडली. ती प्रत्येक घरानें ऐकावी असें वाटलें, म्हणून उभे राहिलों.

आठवीच्या वर्गांतला एक मुलगा दप्तरांत फडक्याची पुरचुंडी घेऊन आला. त्याचा बाप बाजारांत माथाडी काम करतो. मूळ गांव घाटावर, सातारा जिल्ह्यांत. मुलगा म्हणाला, "गुरुजी, आजीच्या पेटींत हा बिल्ला सांपडला. सोनार चांदीच्या भावानें घ्यायला तयार आहे. आबा म्हणतात, ताईच्या फीची सोय होईल. पण आजी म्हणते, यावर काय लिहिलं आहे तें आधीं गुरुजींना विचारून ये."

आम्हीं पुरचुंडी सोडली. आंत चांदीचें वाटोळें पदक होतें. एका बाजूस बादशहा पंचम जॉर्ज याचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला पुरुष व १९१४ आणि १९१८ हे आंकडे. वजन अडीच तोळ्यांच्या पुढें मागें. कडा काळी पडली होती. चिमूटभर राख लावून पुसली, तेव्हां बारीक रोमन अक्षरें दिसूं लागलीं. आधीं एक नंबर, मग 'शिपाई' हा हुद्दा, मग नांव, आणि शेवटीं ११० व्या मराठा पलटणीची खूण. तें नांव मुलाच्या खापरपणजोबांचें होतें.

मंडळी, शंभर वर्षें तें पदक त्या घरांत होतें. सणावारीं त्याला हळदकुंकू लागत होतें. पण त्याच्या कडेवर आपल्याच पूर्वजाचें नांव आहे हें घरांतल्या कोणासही ठाऊक नव्हतें, कारण तीं अक्षरें वाचणारा त्या घरांत कोणी झालाच नाहीं. सोनाराकडे तें गेलें असतें तर पांच मिनिटांत त्याचा गोळा झाला असता.

आतां ही ११० वी पलटण कोठें लढली तें ऐका. आपल्या आज्या-पणज्या 'बसऱ्याची लढाई' म्हणत असत, ती ही लढाई. आज ज्याला इराक म्हणतात त्या मुलखांत, तैग्रीस नदीच्या कांठीं कूट नांवाचें गांव आहे. १९१५ च्या डिसेंबरांत तुर्कांनीं तेथें इंग्रजांच्या सहाव्या पुणें डिव्हिजनला वेढा घातला. आंत १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पांच महिने वेढा चालला. अन्न संपलें, तेव्हां घोडे व खेंचरें कापून खाण्याची वेळ आली. कित्येक हिंदी शिपायांनीं धर्म जाईल म्हणून पुष्कळ दिवस त्या मांसास हात लावला नाहीं व ते उपासानें खंगले. २९ एप्रिल १९१६ रोजीं जनरल टाउनशेंडनें शरणागति पत्करली व सुमारें तेरा हजार माणसें कैद झालीं. जनरलसाहेब तुर्कांच्या राजधानीकडे बेटावरच्या एका बंगल्यांत राहिला. शिपायांना मात्र रणरणत्या उन्हांत शेंकडों मैल पायीं हांकीत नेलें. त्या वाटेवर किती पडले याची मोजदाद करणेंही कठीण.

त्या मुलाच्या घरीं एवढेंच ठाऊक आहे कीं, खापरपणजोबा बसऱ्याला गेले ते आले नाहींत. पुढें टपालानें पदक आलें. बादशहाच्या नोकरींत शिपायाचा पगार महिना अकरा रुपये होता. त्या अकरा रुपयांसाठीं, सावकाराचा हप्ता व सरकारचा सारा भागविण्यासाठीं, घाटावरचीं व कोंकणांतलीं पोरें आगबोटींत बसलीं. राजनिष्ठेचीं भाषणें शहरांत होत होतीं. गांवांत भूक होती.

बसऱ्यास इंग्रज सरकारनें १९२९ सालीं मोठें स्मारक उघडलें. ज्यांची कबर सांपडली नाहीं अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठीं तें आहे. त्यावर गोऱ्यांचीं नांवें कोरलीं, आमच्या सुभेदार-जमादारांचीं नांवें कोरलीं. पण साध्या हिंदी शिपायाचें नांव दगडावर आलें नाहीं. अमुक पलटणीचे 'इतके शिपाई' असा नुसता आंकडा कोरला. अधिकाऱ्यास नांव आणि शिपायास आंकडा! शिपायांचीं नांवें वह्यांतून राहिलीं. हें स्मारक सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननेंच २०२१ सालीं चौकशी करून कबूल केलें कीं, हिंदी व आफ्रिकी लाखांवर मृतांना गोऱ्यांसारखा मान मिळाला नाहीं, आणि त्याबद्दल माफी मागितली.

म्हणून आम्हीं त्या मुलास सांगितलें, "बाळा, तुझ्या खापरपणजोबाचें नांव ज्यावर कोरलेलें आहे अशी जगांत बहुधा ही एकच वस्तु आहे." कडेवरचा नंबर व पलटण हाती असल्यावर त्या जुन्या नोंदींत माणूस शोधतां येतो. आज तीं नांवें संगणकावरही पाहतां येतात. आम्ही व तो मुलगा मिळून शोध करीत आहोंत.

या पदकांतही उच्चनीच भेद होता. लढणाऱ्या शिपायास चांदीचें पदक. त्याच रणांत ओझीं वाहणाऱ्या, रस्ते खोदणाऱ्या मजुरास तेंच पदक, पण तांब्याच्या जातीच्या धातूचें. गोळी दोघांनाही तीच लागत होती. आणि कित्येकांना तर पदक मिळविण्याची वाटच बंद केली होती. ज्या महार शिपायांनीं कंपनी सरकारच्या काळापासून नोकरी केली, त्यांची भरती १८९२ च्या सुमारास इंग्रजांनीं थांबविली. महाडजवळच्या रावढळचे पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनीं त्याविरुद्ध अर्ज लिहून आवाज उठविला. १९१७ सालीं माणसें कमी पडूं लागलीं तेव्हां महारांची १११ वी पलटण काढली, व गरज संपतांच १९२१ सालीं मोडली. पुन्हां महायुद्ध आलें तेव्हां १९४१ सालीं बेळगांवास महार रेजिमेंट उभी राहिली. गरजेपुरता मान कसा असतो तें यावरून समजावें.

आतां मुलांना आवडणारी गोष्ट सांगतों. विलायतेंतलें सर्वांत मोठें पदक म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस. तें सोन्याचें नाहीं, चांदीचेंही नाहीं. साध्या कांशाचें आहे. मोडीत घातलें तर वाटीभर तांदूळही येणार नाहींत. हें पदक १८५६ सालीं निघालें, पण हिंदी शिपायास तें मिळण्याची मुभा १९११ सालीं झाली. आपल्या रायगड जिल्ह्यांतल्या, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतल्या, माणगांव तालुक्याचे यशवंत बाळकृष्ण घाडगे हे पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींत नाईक होते. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, तायबर नदीच्या खोऱ्यांत, त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगन सुरू झाली. क्षणांत एकूण एक सोबती पडले. उभे राहिले ते एकटे घाडगे. ते माघारीं फिरले नाहींत. धांवत जाऊन हातबॉम्ब टाकला व तोफेसह तोफवाला गार केला. बंदुकीनें आणखी एकास पाडलें. गोळ्या संपल्या, नव्या भरण्यास उसंत नव्हती, तेव्हां बंदूक उलटी धरून तिच्या दांड्यानें उरलेल्या दोघांना लोळविलें. इतक्यांत लपलेल्या शत्रूच्या गोळ्या छातींत व पाठींत घुसल्या व ते तेथेंच पडले. वय बावीस. त्यांची कबर सांपडली नाहीं; इटलींत कॅसिनो येथल्या स्मारकावर त्यांचें नांव आहे, आणि माणगांवांत त्यांचा पुतळा आहे. पदक मात्र त्यांच्या विधवा पत्नीच्या हातीं आलें. पदक छातीवर लावायला छातीच उरली नाहीं, हें कोणी विसरूं नये.

आमचा एक विद्यार्थी विचारतो, "गुरुजी, घाडगे एवढे शूर, मग ते साहेब कां नव्हते?" प्रश्न लहान मुलाचा, पण उत्तर मोठें आहे.

इंग्रजांच्या फौजेंत हिंदी माणसाची धांव फार तर सुभेदार-मेजरपर्यंत. तीस वर्षें नोकरी केलेला, केंस पिकलेला सुभेदार काल आलेल्या मिसरूड न फुटलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालीं. बादशहाचें कमिशन, म्हणजे खरा अधिकारीपणा, हिंदी माणसास बंद होता. पहिल्या महायुद्धांत लाखों माणसें दिल्यावर १९१८ सालीं दार किंचित् किलकिलें झालें : विलायतेंतल्या सँडहर्स्टच्या लष्करी शाळेंत वर्षाला दहा हिंदी मुलगे घेण्याचें ठरलें. एवढ्या मोठ्या हिंदुस्थानांतून दहा! डेहराडूनची शाळा निघावयास १९३२ साल उजाडलें.

त्या किलकिल्या दारांतून आंत गेलेला एक मराठा मुलगा म्हणजे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. जन्म १९०६, कोल्हापूरकडचे. सँडहर्स्टहून १९२६ सालीं कमिशन घेऊन ते पंजाब रेजिमेंटमध्यें दाखल झाले. त्यांना ही वाट सांपडली ती केवळ शौर्यानें नव्हे, घरीं विद्या होती म्हणून. अंगांत बळ घाडग्यांच्या घरींही होतें. परीक्षेची वाट तेथपर्यंत पोंचली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर कांगॉ म्हणून ठिकाण आहे. खाड्या, चिखल, खारफुटी. आपल्या ठाण्याच्या खाडीसारखाच मुलूख. तेथें ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते : थिमय्या, सेन व थोरात. त्या काळीं ही नवलाई होती. 'हिंदी माणूस पलटण चालवूं शकत नाहीं' असें म्हणणारे गोरे पुष्कळ होते. १९४५ च्या जानेवारीच्या अखेरीस थोरातांच्या पलटणीनें जपान्यांनीं धरलेली टेंकडी संगिनी लावून जिंकली. माणसें फार पडलीं. या लढाईसाठीं तिघांनाही डी. एस. ओ. हें पदक मिळालें. सफेत मिनाकाम केलेला सोनेरी मुलाम्याचा हा क्रॉस फक्त अधिकाऱ्यांसाठीं असे. त्याच टेंकडीवर चढलेल्या शिपायानें कितीही पराक्रम केला तरी त्याला तो मिळणारा नव्हता. त्याच्यासाठीं निराळीं पदकें. आम्ही थोरातांचा मान कमी करीत नाहीं. त्या काळीं मान वांटण्याचीं मापें कशीं होतीं तें सांगतों.

स्वराज्य आलें. १९५३ सालीं कोरियांतली लढाई थांबली, पण बावीस हजारांवर चिनी व उत्तर कोरियन कैदी घरीं परतण्यास तयार नव्हते. त्यांची राखण करण्यास दोन्ही पक्षांना चालेल असा त्रयस्थ पाहिजे होता. तें काम हिंदुस्थानच्या फौजेकडे आलें व मेजर-जनरल थोरात तिचे मुख्य झाले. एके दिवशीं कैद्यांनीं आपल्याच एका मेजरला तारेच्या कुंपणांत ओढून नेलें. बंदुका चालविल्या असत्या तर शेंकडों मेले असते व तो मेजरही वांचला नसता. थोरात हत्यार न घेतां त्या खवळलेल्या जमावांत शिरले, बसले, व बोलूं लागले. पाहुणा दारीं आला तर चहापाणी विचारण्याची तुमच्याकडे रीत आहे ना, असें त्यांनीं त्यांना विचारलें म्हणतात. राग ओसरला. थोडक्या वेळांत मेजरला घेऊन ते सुखरूप बाहेर आले. एकही गोळी सुटली नाहीं. या कामगिरीबद्दल स्वतंत्र भारताचें अशोकचक्र, दुसरा वर्ग, त्यांना मिळालें. त्याला आज कीर्तिचक्र म्हणतात. पद्मश्रीही मिळाली. कांगॉचें पदक माणसें मारून टेंकडी घेतल्याबद्दल, कोरियाचें पदक माणसें वांचविल्याबद्दल. आमच्या मतें दुसरें जड आहे.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल त्यांना कसलेंच पदक मिळालें नाहीं. १९५७ पासून ते पूर्व विभागाचे सेनापति होते. चीन चढाई करील, करील तर कोठून करील, आपली फौज किती अपुरी आहे, हें त्यांनीं १९५९ सालीं लिहून दिलें; १९६० च्या मार्चांत लखनौस 'लाल किल्ला' नांवाचा सराव करून अधिकाऱ्यांना दाखविलेंही. दिल्लींत तें कोणीं मनावर घेतलें नाहीं. सरसेनापतीची जागा दुसऱ्यास मिळाली व १९६१ सालीं थोरात निवृत्त झाले. पुढच्याच वर्षीं चीन आला, व त्यांनीं लिहिलेलें बरेंचसें खरें ठरलें. तेव्हां पंतप्रधानांनीं त्यांना बोलावून घेतलें. घरीं आग लागल्यावर विहीर कोठें खणावी हें विचारण्यासारखें झालें. १९९२ सालीं ते वारले. वरिष्ठांना न रुचणारें खरें लिहून देणें, हेंही शौर्यच. पण त्याचा बिल्ला कोठल्याही टांकसाळींत पडत नाहीं.

आतां एक आक्षेप येईल. परवांच एका आजोबांनीं आम्हांस विचारलें, "गुरुजी, परक्या सरकारच्या बिल्ल्यांचें एवढें कौतुक कशाला? आपल्या शेजारीं उरण तालुक्यांत चिरनेरला १९३० सालीं जंगल सत्याग्रहांत आपल्याच रयतेवर गोळ्या झाडल्या, त्या याच सरकारनें ना?" आजोबांचें म्हणणें खरें आहे. २५ सप्टेंबर १९३० चा तो दिवस आपण विसरतां कामा नये. ज्या हातानें घाडग्यांना पदक दिलें, त्याच राज्याच्या हातानें चौदा वर्षांपूर्वीं चिरनेरच्या शेतकऱ्यांना मारलें. म्हणून आम्ही पदकाच्या पुढच्या बाजूस, जेथें बादशहाचा मुखवटा आहे, तिकडे पाहत नाहीं. आम्ही कडेकडे पाहतों, जेथें आपल्या माणसाचें नांव आहे. शौर्य त्याचें, भूक त्याची, मरण त्याचें. चांदी तेवढी सरकारची.

आणि कडा वाचतां आली पाहिजे. १९७० सालापासून या नव्या शहरासाठीं आपल्या भागांतल्या जमिनी गेल्या. तेव्हां नोटीस हातांत घेऊन ती वाचून दाखविणारा माणूस शोधीत किती घरें फिरलीं, हें आपल्यांतलीं म्हातारीं माणसें अजून सांगतात. पदक असो, सातबारा असो कीं नोटीस असो, आपलें नांव कोठें लिहिलें आहे व त्याच्या पुढें काय लिहिलें आहे हें ज्याला कळत नाहीं, त्याचें सर्व कांहीं दुसऱ्याच्या तराजूंत तोललें जातें.

ज्या घरांतलीं मुलें फौजेंत जाऊं इच्छितात, त्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. २०२२ पासून शिपायाची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठीं होते, व नियमाप्रमाणें त्यांतले पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढें कायम होतात. जायचें त्यानें हें समजून जावें. पण शिपायाच्या दाराशेजारीं अधिकाऱ्याचेंही दार आज उघडें आहे. बारावीच्या वर्षीं खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देतां येते. ती वर्षांतून दोनदां होते. गणित व इंग्रजी पक्कें लागतें. तयारीसाठीं छत्रपति संभाजीनगर येथें राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. साताऱ्यास १९६१ सालापासून सैनिक शाळा आहे. तेथें सहावीला व नववीला प्रवेश मिळतो. २०२२ पासून मुलीही प्रबोधिनींत जातात. वर्षाला दहा मुलांचा काळ गेला. आतां फॉर्म कोणी अडवीत नाहीं. अडतें तें आपल्याला ठाऊक नसतें म्हणून, आणि आठवी-नववींत शाळा सुटते म्हणून.

सर्वांनीं फौजेंतच जावें असें आमचें म्हणणें नाहीं. शेत, भट्टी, माग, होडी यांवर राबणाऱ्या माणसालाही देश आहे. पण जेथें जाल तेथें आंकडा होऊन जाऊं नका, नांव घेऊन जा.

शेवटीं त्या पदकाचें काय झालें तें सांगतों. आम्हीं कडेवरचीं अक्षरें मोठ्यानें वाचून दाखविलीं तेव्हां आजी पदर तोंडाला लावून बराच वेळ बसली. मग म्हणाली, "गुरुजी, सासूबाई सांगायच्या, आमच्या घरचं माणूस मोठ्या लढाईंत गेलं. माणसाला जागा नाहीं मिळाली, नांवाला तरी असूं द्या." पदक विकावयाचें नाहीं असें तिनें ठरविलें. मुलाच्या बापानेंही मान डोलावली. आतां तें पुन्हां पेटींत आहे. मात्र त्यासोबत कडेवरचें नांव, नंबर व पलटण देवनागरींत लिहिलेला कागदही आहे. तो मुलाच्या बहिणीनें आपल्या हातानें लिहिला.

पण मंडळी, तिच्या फीचा प्रश्न तसाच उरला आहे. ती बारावीला आहे, हुशार आहे. पूर्वजाचें नांव राखण्यासाठीं नातीची शाळा सुटली, तर आम्हीं केलेलें हें सर्व भाषण फुकट. म्हणून आज दाराशीं एक डबा ठेविला आहे. त्यांत ज्याला जमेल त्यानें जमेल तें टाकावें. दहा रुपयेही चालतील. पहिली भर आम्हीं आमच्या पगारांतून घातली आहे. हा डबा एका मुलीपुरता नाहीं; दर वर्षीं ज्या घरांत फीसाठीं कांहीं तरी मोडावें लागेल, त्या घरासाठीं तो राहील, व त्याचा हिशेब शाळेच्या भिंतीवर लावला जाईल.

आणि घरीं जाऊन आपापल्या पेट्या उघडा. जुना बिल्ला, पलटणीचा कागद, पेन्शनचें पुस्तक, कांहींही सांपडलें तर सोनाराकडे किंवा रद्दीवाल्याकडे नेण्याआधीं शाळेंत आणा. आम्ही वाचून दाखवूं. पुढच्या खेपेस तुमचींच मुलें वाचून दाखवितील.